मोठ्या क्लबांना जाऊ दे म्हणू नका

ताई, मी मालवणजवळच्या देवबागचा. वय ३९. दहा वर्षं क्रूझ जहाजावर गॅलीत होतो, आता घरीच चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. काकांची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) अजून आहे, तिकडेही हात लावतो. जहाजावर क्रॉयडनचा एक मित्र होता, त्याच्यामुळे क्रिस्टल पॅलेस या लंडनच्या फुटबॉल क्लबाचा नाद लागला. ५ मे २०१४ ची लिव्हरपूलविरुद्धची मॅच आम्ही क्रू मेसमध्ये उभ्याने पाहिली, त्या दिवसापासून मी पॅलेसचा. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही इंग्लंडचा एफए कप जिंकलो तेव्हा मी रडलो. पुढच्या तीन महिन्यांत सगळी चवच गेली. कपामुळे मिळालेली युरोपा लीगमधली जागा काढून घेतली. आमचा खेळाडू एझे आर्सेनलला गेला. नाक्यावरचे मित्र मँचेस्टर सिटी, लिव्हरपूल नाहीतर रियल माद्रिदवाले. ते म्हणतात, "तुझो क्लब म्हणजे आमची नर्सरी." आणि आता माझा दहा वर्षांचा झिल वाढदिवसाला सिटीची जर्सी मागतो. वर विचारतो, "बाबा, तुझी टीम कधी पयली येतली?" मला वाटतं, या मोठ्या क्लबांनी एकदाची आपली ती वेगळी सुपर लीग काढावी आणि चालतं व्हावं. आमची लीग आम्हाला राहू दे. माझं चुकतंय का? आणि झिलाला काय सांगू?

भाऊ,

पत्र वाचता वाचता मी ५ मे २०१४ पाशीच थांबले. ती मॅच मीही पाहिली आहे, सावंतवाडीत भावाच्या घरी, मध्यरात्र उलटल्यावर. लिव्हरपूल तीन गोलांनी पुढे होतं. अजिंक्यपदासाठी त्यांची सिटीशी चुरस चालली होती आणि गोलफरकात ते मागे होते, म्हणून तीनवर न थांबता चौथ्या-पाचव्याच्या मागे लागले. ७९ व्या मिनिटाला पॅलेसच्या डेलनीने लांबून मारलेला चेंडू वाटेत एकाच्या अंगाला लागून आत गेला. ८१ व्याला ड्वाइट गेलने दुसरा. ८८ व्याला परत त्यानेच तिसरा. ३-३. शिट्टी झाली तेव्हा लिव्हरपूलच्या सुआरेझने जर्सी तोंडावर ओढून घेतली होती आणि त्याला तसाच धरून आत नेत होते. भाऊ उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. आम्ही दोघं कितीतरी वेळ बोललोच नाही.

आता मला सांगा, त्या रात्री समोर लिव्हरपूल नसतं, पॅलेसच्याच बरोबरीचं स्टोक किंवा सुंदरलंड असतं, तर तुम्ही पॅलेसचे झाला असता का?

माझं उत्तर यातच आहे. मोठ्या क्लबांना जाऊ दे म्हणू नका. त्यांना इथेच राहायला लावा, सगळ्यांना असलेल्या नियमांनी, पॅलेसच्या मैदानावर, सेलहर्स्ट पार्कच्या त्या अरुंद जागेत येऊन खेळायला लावा. राग धरायचाच तर दुसऱ्या एका गोष्टीवर धरा. तिच्याकडे येते.

आधी झिलाचा प्रश्न. त्याला खरं सांगा: लीगमध्ये पहिली बहुतेक कधीच नाही. पॅलेस २०१३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये परत आला. तिथपासून २०२५ पर्यंतच्या बारा हंगामांत त्याचा सगळ्यात वरचा क्रमांक दहावा आणि सगळ्यात खालचा पंधरावा. दहा वर्षांच्या पोराला हे ऐकून जांभई येईल, पण पुढचंही सांगा. २०२३-२४ मध्ये खालून वर आलेले ल्युटन, बर्नली आणि शेफील्ड युनायटेड हे तिन्ही त्याच हंगामात परत खाली गेले. पुढच्या वर्षी लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन यांचं तेच झालं, आणि लेस्टर तर २०१६ चा विजेता. खुद्द पॅलेस २०१० मध्ये कर्जात बुडून प्रशासकाच्या ताब्यात होता. हंगामाच्या शेवटच्या दिवशी शेफील्ड वेन्सडेशी २-२ बरोबरी केली म्हणून तिसऱ्या श्रेणीत जाता जाता वाचला. तिथून निघून बारा वर्षं मधोमध उभं राहायचं म्हणजे काय, ते तुम्हाला मी कशाला सांगू? कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे होडी नुसती एका जागी धरून ठेवायची तर किती वल्हवावं लागतं, ते देवबागचं पोरही जाणतं.

आणि या बारा वर्षांच्या पोटात १७ मे २०२५ आहे, एफए कपचा अंतिम सामना. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले होते. चेंडू जवळजवळ सगळा वेळ सिटीच्या पायात. सोळाव्या मिनिटाला पॅलेसच्या मुन्योसने उजवीकडून क्रॉस दिला, एझेने तो थांबवलाही नाही, येता येताच जाळ्यात घातला. मग सिटीला पेनल्टी. चेंडू हालांडच्या हातात होता, त्याने तो मार्मूशकडे दिला, आणि पॅलेसचा गोलरक्षक हेंडरसन याने उजवीकडे झेप घेऊन अडवला. उरलेला वेळ कसा गेला ते तुम्हाला आठवत असेल, मला नाही आठवत, मी स्वयंपाकघरात जाऊन उभी होते. १९०५ मध्ये स्थापन झालेला क्लब, १९९० आणि २०१६ चे दोन्ही अंतिम सामने मँचेस्टर युनायटेडकडून हरलेला, आणि हा त्याचा पहिला मोठा कप.

मोठे गेले की लहानांना जागा होईल, असं तुम्हाला वाटतं. स्कॉटलंडमध्ये हे प्रत्यक्ष घडून गेलं आहे. २०१२ मध्ये रेंजर्सचा आर्थिक डोलारा कोसळला आणि त्यांना चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. दोन मोठ्यांपैकी एक वरच्या लीगमधून नाहीसाच झाला. मग अॅबर्डीन जिंकलं? डंडी? नाही. उरलेल्या सेल्टिकने २०१२ ते २०२० सलग नऊ अजिंक्यपदं घेतली. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे आणि ती लपवणं बरोबर नाही: कप त्या काळात बरेच फिरले. सेंट जॉनस्टनने २०१४ मध्ये पहिल्यांदाच स्कॉटिश कप जिंकला, आणि हिबर्निअनने १९०२ नंतर थेट २०१६ मध्ये. पण लीगमध्ये रिकाम्या खुर्चीवर कोणी नवा बसला नाही, उरलेला मोठाच आणखी ऐसपैस बसला. इंग्लंडमधून सहा गेले तर काय होईल? सातवा मोठा होईल. टीव्हीवाले पैसा कमी करतील. आणि पॅलेस तेव्हाही बारावाच असेल, फक्त समोर हरवण्यासारखं कोणी नसेल.

आता राग कशावर धरायचा ते सांगते. तुम्ही रापणीच्या घरातले, म्हणून त्याच भाषेत सांगते. रापण ओढायला दोन्ही दोरांवर माणसं लागतात. जाळं ज्याचं, होडी ज्याची, त्याचा वाटा मोठा, त्याबद्दल कोणी कुरकुरत नाही. पण दोराला हात लावलेल्या माणसाला घरी रिकामं पाठवत नाहीत. प्रीमियर लीग टीव्हीचा पैसा साधारण याच रीतीने वाटते. इंग्लंडमधल्या प्रक्षेपणाचा अर्धा पैसा वीसही क्लबांना सारखा, पाव भाग क्रमांकाप्रमाणे, पाव भाग कोणाच्या किती मॅच दाखवल्या त्यावर. स्पेनमध्ये रियल माद्रिद आणि बार्सिलोना कितीतरी वर्षं आपले हक्क वेगळे विकत आणि मोठा घास एकटे खात. तिथे २०१५ मध्ये सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. इंग्लंडमध्ये नियम बदलायचा तर वीसपैकी चौदा मतं लागतात. मँचेस्टर युनायटेडला एक मत, पॅलेसला एक मत.

मोठ्या क्लबांना खुपतं ते हे एक मत. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, कोविडने खालचे क्लब डबघाईला आले असताना, लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडच्या पुढाकाराने एक योजना पुढे आली. खालच्या क्लबांना मदतीचा पैसा, आणि त्याच्या बदल्यात लीग अठरा संघांची करायची, लीग कप बंद करायचा, महत्त्वाच्या निर्णयांचा अधिकार जुन्या नऊ क्लबांच्या हातात द्यायचा. लीगच्या क्लबांनी ती फेटाळली. सहाच महिन्यांनी, १८ एप्रिल २०२१ ला, युरोपातल्या बारा क्लबांनी सुपर लीग जाहीर केली. त्यात इंग्लंडचे सहा. त्यातली खरी ग्यानबाची मेख अशी की संस्थापकांना खाली उतरण्याची भीतीच नव्हती. हरा, कितीही हरा, पुढच्या वर्षी जागा पक्की. दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही मागे फिरले; चेल्सीचे तर स्वतःचे चाहते स्टेडियमबाहेर रस्ता अडवून उभे राहिले होते. नाक्यावरच्या तुमच्या मित्रांसारखेच होते ते, मोठ्या क्लबाचेच. त्यांनाही मोठेपण हवं होतं, पण जिंकून मिळवलेलं.

तुमच्या काकांचं भांडण मोठ्या होडीशी कधी होतं का? मोठ्या होड्या पूर्वीही होत्या. पर्ससीनची मोठी जाळी टाकणारे किनाऱ्याच्या जवळ येऊन आख्खा थवा उचलायला लागले, रात्री एलईडीच्या झोताखाली मासळी गोळा करायला लागले, तेव्हा रापणकर रस्त्यावर आले. एलईडीवर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. इंग्लंडमध्येही चार वर्षं लोक मागे लागले आणि २०२५ च्या जुलैमध्ये कायदा झाला. आता तिथे फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आहे आणि अशा बंद लीगमध्ये जायला क्लबांना मनाई करण्याचा अधिकार कायद्याने त्याला आहे. कागदावर बंदी आल्यावर समुद्रात काय चालतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. लक्ष ठेवावंच लागतं.

आणि दार नेहमी असं धाडकन बंद होत नाही. २००५ च्या जानेवारीत एक्झिटर सिटी, तेव्हा पाचव्या श्रेणीतला क्लब, एफए कपमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर गेला आणि ०-० करून आला. बरोबरी झाली म्हणून रीप्ले, म्हणजे पुन्हा एक मॅच, झाला. तो ते हरले, पण दोन मॅचच्या तिकिटांच्या आणि टीव्हीच्या पैशाने त्यांचं डोक्यावरचं कर्ज बरंच फिटलं. २०२४-२५ पासून एफए कपच्या मुख्य फेऱ्यांतले रीप्ले बंद झाले. कारण काय, तर युरोपातल्या बड्या क्लबांची चॅम्पियन्स लीग मोठी झाली, छत्तीस संघ, प्रत्येकाला किमान आठ मॅच, आणि वेळापत्रकात जागा उरली नाही. म्हणजे आठ-दहा क्लबांच्या युरोपातल्या मॅचसाठी खालच्या शेकडो क्लबांची ही एक आशा काढून टाकली. याचा मला खरा संताप येतो. सुपर लीगसारखा गाजावाजा नाही, कोणी रस्ता अडवला नाही, एक नियम बदलला आणि झालं.

दार बंद झालं की मागे काय उरतं, ते मी माझ्या घरात पाहिलं आहे. माझा भाऊ गोव्याच्या डेम्पो क्लबाचा. आमच्याकडून सावंतवाडी रोडला गाडी पकडायची, मडगावला उतरायचं, फातोर्ड्याला मॅच, बाहेर गाड्यावर रोस आमलेट, रात्र स्टेशनच्या बाकावर आणि पहाटेच्या गाडीने परत. मला त्याने तीन-चारदा नेलं होतं. आर्मांदो कोलासो कोच, पुढे रँटी मार्टिन्स. देशातली तेव्हाची सगळ्यात वरची आय-लीग २००७-०८ मध्ये सुरू झाली आणि पहिली सहा वर्षं अजिंक्यपद गोव्याबाहेर गेलंच नाही: डेम्पो, चर्चिल, डेम्पो, साळगावकर, डेम्पो, चर्चिल. एवढ्याशा राज्यात तीन क्लब एकमेकांशी इरेला पेटून खेळत होते. २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली, तिच्यात खालून वर चढण्याची वाटच नव्हती. पुढे महासंघाच्या आराखड्यात आय-लीग दुय्यम ठरायला लागली, तेव्हा २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघे निषेध म्हणून बाहेर पडले. भावाची निळी टोपी तेव्हापासून कपाटात, वरच्या फळीवर. त्याच्या क्लबाला कोणी हरवलं असतं तर तो पुढच्या रविवारी परत गेला असता. पण हरायलाच मैदान उरलं नाही. खालून वर यायची वाट शेवटी २०२३ मध्ये उघडली, पंजाब एफसी तिच्यातून पहिला वर आला. डेम्पोही २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतला.

म्हणून सुपर लीगवाल्यांना जाऊ दे असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात कालवतं.

एझेबद्दल. नर्सरी म्हणतात तर म्हणू देत. आर्सेनलने एझेला तेराव्या वर्षी सोडून दिलं होतं. फुलमने सोडलं, मिलवॉलने सोडलं. क्वीन्स पार्क रेंजर्सने घेतलं, मग २०२० मध्ये पॅलेसने. तुमच्या क्लबाने त्याला पाच वर्षं खेळवलं, त्याने तुम्हाला एफए कप दिला, आणि मग ज्या क्लबाने पोरवयात नाकारलं त्यालाच त्याच्यासाठी सहा कोटी पौंडांच्या घरात मोजावे लागले. दुःख करा, पण मान खाली घालू नका. मुंबईला नोकरीला गेलेल्या पोराबद्दल देवबागात कोणी मान खाली घालतं का?

युरोपा लीगचं थोडक्यात. जॉन टेक्स्टर यांचा पैसा पॅलेसमध्येही होता आणि फ्रान्सच्या लियोंमध्येही, आणि एका मालकाचे दोन क्लब एका स्पर्धेत नकोत असा युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, नियम. मालकीची घडी १ मार्चपर्यंत बसवायची होती, ती बसली नाही. म्हणून लियों युरोपा लीगमध्ये राहिलं, पॅलेसला खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं, आणि क्रीडा लवादानेही ऑगस्टमध्ये तेच कायम केलं. मैदानावर मिळवलेलं टेबलावर गेलं, याची चीड तुम्हाला यायलाच हवी, मलाही आली. तरी तो नियम असावा असं माझं मत आहे. तो नसेल तर उद्या तुमचा क्लब कुठल्यातरी बड्या क्लबाची शाखा होईल आणि तुम्हाला कळणारही नाही. मुदत पाळली नाही याचा जाब क्लबाच्या मालकांना विचारा.

आता झिल. जर्सी सिटीचीच घेऊन द्या. नाराजी दाखवू नका, टोमणा मारू नका. वडिलांचा क्लब म्हणून गळ्यात मारलेला क्लब पोरं मोठी झाली की टाकून देतात. शिवाय तो टीव्हीवर फुटबॉल पाहतोय, आणि टीव्हीवर मोठ्या क्लबांचाच उजेड जास्त. त्याला एकदा तरी टीव्हीतून बाहेर काढा.

२०२५ च्या त्याच मे महिन्यात, पॅलेसच्या चौदा दिवस आधी, ३ मे रोजी एफसी गोवाने भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप जिंकला. आपल्या देशातला बाद फेरीचा कप. त्या कपामुळे त्यांना आशियाच्या स्पर्धेची वाट मिळाली, आणि त्या वाटेने ऑक्टोबरमध्ये सौदीचा अल नस्र फातोर्ड्याला येऊन खेळला. त्यांचा रोनाल्डो आला नाही. माझा भाऊ नऊ वर्षांनी मॅचला गेला. दोन गोलांनी मागे पडल्यावर ब्रायसन फर्नांडिसने एक परत केला, तेव्हा त्याने मला फोन लावला आणि काहीच बोलला नाही, नुसता आवाज ऐकवला. २-१ ने हरले. टोपी नेली होती का, ते मी विचारलं नाही.

तुम्हाला फातोर्डा लांब पडत असेल तर म्हापसा जवळ आहे. दुलेर स्टेडियमवर गोवा प्रोफेशनल लीगच्या मॅच होतात, खेळाडूंचं ओरडणं ऐकू येईल इतक्या जवळून पाहता येतात. पावसाळ्यात होमस्टेला गिऱ्हाईक नसतं, एखादी दुपार काढून झिलाला मागे बसवा आणि जा. कुठल्या संघाच्या बाजूने बसायचं ते त्याला ठरवू दे.

आणि जर्सी आणाल त्या रात्री त्याला १७ मेची ती अंतिम मॅच पूर्ण दाखवा. तो सिटीच्या बाजूने बसेल, तुम्ही पॅलेसच्या. पेनल्टीच्या वेळी हालांड चेंडू मार्मूशला देतो तिथे थोडं थांबवा आणि तू असतास तर कोणाला दिला असतास, असं त्याला विचारा. तो काय म्हणाला ते मला कळवा.